भीती आहे, पण भलत्याच जागी

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे अजूनही गरोदर बाईच डोळ्यांपुढे येते. मिरजेतल्या माझ्या सेंटरच्या वेटिंगमध्येही वेगळं चित्र नसतं. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही कायद्याने लावायलाच लागणारी पाटी, खुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या संपवत लघवी तुंबवून बसलेल्या बाया, आणि त्यांच्यात कुठेतरी बापाच्या आडोशाला दप्तर मांडीवर घेऊन बसलेला १३-१४ वर्षांचा एखादा मुलगा. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'यूएसजी स्क्रोटम'. ते मोठ्याने वाचायचं नाही, अशी तंबी मी रिसेप्शनवरच्या मुलीला देऊन ठेवली आहे. आत आल्यावर बाप खोलीभर नजर फिरवतो आणि विचारतो, "जेन्ट्स डॉक्टर नाहीत का?" नाहीत. मीच आहे.

मग दोन मिनिटं मुलगा पँटची बक्कल धरून उभा राहतो. बापाला डोक्याशी उभं करायचं, मुलाच्या हातात चादर द्यायची, 'तूच स्वतः झाक, हवं तेवढंच उघड' म्हणायचं, जेल कोमट करून घ्यायचं. एवढं केलं की पोरं निवांत होतात; बापांना जास्त वेळ लागतो. तपासणी दुखत नाही, त्यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नाही आणि ती दहा-पंधरा मिनिटांत उरकते. थायरॉइड बघायला वापरतो तोच प्रोब इथेही चालतो.

निरोगी वृषण पडद्यावर एकसारखा करडा, बारीक पोताचा, लंबगोल दिसतो. त्यात किंवा त्याच्या आसपास कॅल्शियम साचलं असेल तर तेवढी जागा पांढरीशुभ्र उमटते. तो तुकडा जरा मोठा असला तर त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी त्याला ओलांडून जात नाहीत. रक्तप्रवाह बघण्यासाठी कलर डॉपलर लावला की कधी कधी त्या ठिपक्यामागे लाल-निळी चमचम दिसते. तिथे रक्त वाहत नसतं. मशीनची ती लबाडी आम्हाला ठाऊक असते. पण पडद्याकडे टक लावून बघणाऱ्या बापाला ती ठाऊक नसते. त्याचा चेहरा तिथेच उतरतो.

खरा गोंधळ होतो तो संध्याकाळी. रिपोर्टात 'कॅल्सिफिकेशन' असं लिहिलेलं असतं, घरातला कुणीतरी ते मोबाइलवर शोधतो, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत कॅन्सर हा शब्द येतो. रात्री फोन. "मॅडम, तसलं काय न्हाई न्हवं?" त्यानंतर हमखास दुसरा प्रश्न, आवाज खाली आणून : "पुढं लग्नाला काय अडचण?"

या भीतीबद्दलच मला लिहायचं आहे. भीती असू नये असं मी म्हणत नाही. मुलांच्या या अवयवाबद्दल आईबापांनी थोडं अधिक घाबरावं असंच माझं मत आहे. पण आपण भितो ते नेमकं जिथे भ्यायला नको तिथे, आणि जिथे धावत सुटायला हवं तिथे 'सकाळी बघू' म्हणून झोपतो.

आधी ठिपक्याचं सांगते. पहिला प्रश्न एकच : कॅल्शियम वृषणाच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर ते बहुतेक वेळा जुन्या, संपून गेलेल्या गोष्टीची खूण असतं. तालमीत जाणारा एक पोरगा माझ्याकडे आला होता. हाताला गोटीसारखं काहीतरी लागतं आणि सरकतं, अशी तक्रार. प्रोबने हलकेच दाबलं तर वृषणाभोवतीच्या पातळ पाण्यात एक पांढरा मणी इकडून तिकडे घरंगळताना दिसला. कशालाच चिकटलेला नाही, वृषण अगदी ठणठणीत. वृषणावरच्या आवरणाच्या दोन पदरांत असे सुटे खडे सापडतात. तिथे कधी मार लागून रक्त साकळलेलं असतं, कधी सूज येऊन गेलेली असते, कधी वृषणाच्या टोकाला असणारा मांसाचा चिमुकला कोंब पीळ पडून वाळतो आणि तुटून पडतो. शरीर त्यावर कॅल्शियमचे थर चढवतं आणि विषय मिटवतं. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी डोंगरातल्या खडबडीत वाटांवर सायकली हाणणाऱ्या तरुणांची सोनोग्राफी केली आणि २००१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या बहुतेकांच्या तपासणीत असे खडे किंवा दुसरं काहीतरी किरकोळ निघालं. सीटचे धक्के, दुसरं काय! आमच्या तालमीतल्या पोराला मी लंगोट नीट बांध म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं. त्याच्या बापाला मात्र काहीतरी गोळी लिहून द्यायला हवी होती.

नवजात बाळाची गोष्ट याहून नवलाची. आईच्या पोटात असतानाच बाळाच्या आतड्याला बारीक छिद्र पडतं. त्यातून बाळाची पहिली शी पोटाच्या पोकळीत झिरपते. त्या काळात पोट आणि अंडकोश यांच्यामधली वाट उघडी असते, तिच्यातून ती खाली उतरते आणि तिथे घट्ट होऊन तिच्यात कॅल्शियम साचतं. छिद्र पुष्कळदा जन्माआधीच बुजून जातं. बाळ रडतंय, दूध पितंय, शी-शू व्यवस्थित, आणि अंडकोशात मात्र दगडासारखी गाठ! वॉर्डात धावपळ उडते, 'ट्यूमर' हा शब्द कुणाच्या तरी तोंडून निसटतो. अशा वेळी गाठ वृषणाच्या बाहेर आहे एवढं सोनोग्राफीने दाखवलं आणि पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमचे तसेच शिंतोडे दिसले की निदान पुरं होतं. बाळाच्या पोटाची काळजी घ्यायची असते, आणि असं का झालं याचा, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजाराचा, विचारही करावा लागतो. पण अंडकोशातली गाठ सहसा आपोआप विरून जाते. तिच्यासाठी वृषण काढून टाकण्याची चूक होऊ नये, एवढ्याचसाठी हे निदान माहीत असायला हवं.

बाहेरच्या कॅल्शियमचे आणखीही प्रकार आहेत : कातडीतल्या पिवळट-पांढऱ्या न दुखणाऱ्या गाठी, विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात मेलेल्या जंतांचे अवशेष, आणि आपल्या देशात कधीच विसरू नये असा क्षयरोग. वृषणामागच्या नळीच्या गुंडाळीला सूज, त्यात कॅल्शियम, आणि घरात कुणाला खोकला असेल तर मी रिपोर्टात ते ठळक लिहिते. तो ठिपका दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

आता आतलं. इथे वृषणाच्या करड्या पोतात बारीक रवा सांडावा तसे पांढरे कण विखुरलेले दिसतात. प्रत्येक कण तीन मिलिमीटरहून लहान, बहुतेकांना सावलीही नाही. एका दृश्यात पाच किंवा अधिक कण दिसले की आम्ही त्याला टेस्टिक्युलर मायक्रोलिथायसिस म्हणतो. १९७० साली अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलाच्या एक्स-रेमध्ये असं कॅल्शियम दिसल्याची नोंद झाली. सोनोग्राफीतलं त्याचं रूप १९८७ मध्ये वर्णिलं गेलं. पुढे मशीन जितकी सुधारत गेली तितके हे कण जास्त दिसू लागले. मुलं बदलली नाहीत, पडदे बदलले. आणि ज्यांच्या वृषणात गाठ होती त्यांच्यातच हे कण पुष्कळदा सापडल्यामुळे कणांवर कॅन्सरचा शिक्का बसला. पण गाठ असलेल्यांचीच तपासणी जास्त होत होती, हे कोण लक्षात घेणार?

म्हणून मला अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांनी केलेलं काम महत्त्वाचं वाटतं. त्यांनी १८ ते ३५ वयाच्या, कसलीही तक्रार नसलेल्या १,५०४ तरुणांची सोनोग्राफी केली. शंभरात साडेपाचांच्या आसपास तरुणांमध्ये हे कण निघाले. वृषणाचा कॅन्सर इतका मुळीच आढळत नाही. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी ६३ जणांशी पुन्हा संपर्क झाला, तेव्हा एकाला कॅन्सर झालेला होता. तो एक आहेच, तो मी लपवत नाही. पण बासष्टांच्या आईबापांनी रात्री जागवल्या असत्या तर त्या कशासाठी?

युरोपातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१५ साली याबद्दल स्पष्ट सांगून टाकलं. कण आहेत आणि बाकी काहीच धोक्याचं कारण नाही, तर पुढे दरवर्षी सोनोग्राफी करत बसण्याची गरज नाही. वृषण खाली उतरलेला नव्हता, त्यासाठी ऑपरेशन झालंय, वृषण सुकून लहान झालाय, स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला या प्रकारचा कॅन्सर झालाय, अशांना मात्र वर्षातून एकदा बोलवा. आणि कणांच्या सोबत घट्ट गाठ दिसत असेल तर मग कणांचा प्रश्नच उरत नाही. त्या गाठीसाठी त्याच आठवड्यात सर्जनकडे जायचं. मुलाची छाती बाईसारखी वाढतेय, ओठांवर काळे डाग आहेत आणि वृषणात मोठं कॅल्शियम आहे, असा मेळ दिसला तरीही लगेच. याचा अर्थ एवढाच की ठिपका एकटा बघायचा नसतो. ठिपका कुणाच्या अंगात आहे ते बघायचं असतं.

इथे मला माझ्याच व्यवसायाशी भांडायचं आहे. फाइल घेऊन येणारी मुलं मी बघते. कुठल्यातरी गावात सोनोग्राफी झाली, कण दिसले, आणि त्यावर अल्फा फीटो प्रोटीन, बीटा एचसीजी, एलडीएच अशी रक्ततपासण्यांची रांग लागली. एका तान्ह्या बाळाचं अल्फा फीटो प्रोटीन वाढलेलं म्हणून घर रडत होतं. पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक बाळाचं ते मोठ्यांच्या मानाने जास्तच असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एकाचा तर पोटाचा सीटी स्कॅनही करून झाला होता. वाढत्या वयाच्या पोराला विनाकारण किरण, आणि बापाच्या उसाच्या बिलातून आठ-दहा हजार वजा. एवढं करून एकाही कागदावर 'दोन्ही वृषण हाताने तपासले' अशी ओळ सापडली नाही.

असं का होतं, तेही मला कळतं. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. त्याला माझा विरोध नाही, रुग्णाला दाद मागायला जागा हवीच. पण तेव्हापासून रिपोर्टाच्या शेवटी 'पुढील तपासण्यांचा सल्ला' लिहून हात झटकायची सवय आम्हा मंडळींना जडली. ती एक ओळ आम्हाला वाचवते आणि समोरच्या घराची झोप उडवते. कण दिसले तर आम्ही रिपोर्टातच लिहावं : गाठ नाही, धोक्याचं दुसरं कारण सापडलं नाही, आत्ता काही करायला नको, वयात आल्यावर महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः चाचपून बघावं, घट्ट काही लागलं तर दाखवावं. चार वाक्यं लागतात. लिहायला काय जातं?

आता खऱ्या भीतीकडे वळते. आमच्या सांगली-सातारा भागात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं एक वेगळंच जग आहे. पहाटे रस्त्याकडेने धावणारे घोळके, गावोगावच्या अकॅडम्या, साडेसतरा वर्षं पूर्ण व्हायची वाट बघणारे अग्निवीर. भरतीच्या मेडिकलमध्ये हायड्रोसिल, व्हेरिकोसिल, न उतरलेला वृषण हे सगळं बघतात, म्हणून अकॅडमीचे सर पोरांना आधीच तपासून घ्यायला पाठवतात. असाच एक जण आला. उंचपुरा, काटक, विचारलं की 'जी मॅडम' म्हणणारा. उजवी बाजू छान. डावीकडे प्रोब ठेवला तर तिथे वृषण नव्हताच म्हणायचा. बोराएवढा एक सुकलेला गोळा, त्यात पांढरे खडबडीत ठिपके, आणि डॉपलरवर रक्ताचा टिपूस नाही.

मी विचारलं, लहानपणी कधी इथे दुखलं होतं का? तो म्हणाला, नाही. मग थोडं थांबून म्हणाला, सातवीत असताना एका रात्री पोट फार दुखलं होतं. उलट्या झाल्या होत्या. आजीने ओवा-हिंग दिला, सकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांनी थांबलं. "पोट दुखलं होतं की खाली?" त्याने खाली बघितलं. "खालीच. पण घरात सगळी बसलेली, आजी, काकी... म्हटलं पोट दुखतंय."

याला वृषणाला पीळ पडणं म्हणतात, डॉक्टरी भाषेत टॉर्शन. वृषण ज्या शिरेच्या दोरीला लटकतो ती दोरीच पिळवटते आणि रक्त अडतं. जन्माच्या आसपास आणि त्यानंतर १२ ते १८ या वयात याचा धोका सर्वांत जास्त. अनेक मुलांमध्ये वृषण आवरणात नीट अडकलेला नसतो, सैल झुलत असतो. त्यामुळे खेळताना, झोपेत, कशानेही तो फिरू शकतो. एकाएकी भयंकर दुखतं, मळमळतं, तो वृषण वर ओढला जातो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर तो बहुधा वाचतो. बारा तास गेले की आशा कमी होत जाते, चोवीस तासांनंतर जवळपास संपते. मेलेला वृषण हळूहळू आकसतो आणि त्यात कॅल्शियम साचतं. माझ्या पडद्यावरचे ते ठिपके सातवीतल्या त्या रात्रीचे होते.

त्या पोराला धोका आता काहीच नव्हता. एका चांगल्या वृषणावर लग्न, मुलं सगळं होतं, तेही मी त्याला सांगितलं. पुढे भरतीचं काय होईल हे माझ्या हातात नव्हतं. बाहेर त्याचे वडील रिपोर्ट वाचून मला विचारत होते, "कॅल्शियम म्हणजे मुतखडा का?" त्याचा वृषण ज्या रात्री वाचवता आला असता ती पाच वर्षांपूर्वीच होऊन गेली, आणि त्या रात्री घरात घाबरलं कुणीच नव्हतं.

न उतरलेल्या वृषणाचं तेच. सहा महिन्यांपर्यंत जो खाली आला नाही तो नंतर सहसा आपोआप येत नाही. ऑपरेशन वर्षाच्या आसपास, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत व्हायला हवं. माझ्याकडे येतात आठ-दहा वर्षांचे. लसीच्या डोसांच्या निमित्ताने ते बाळ किती वेळा नर्सच्या, डॉक्टरांच्या हातून गेलेलं असतं! लंगोट कुणी सोडलेला नसतो. आजी म्हणते, "याच्या बापाचं बी तसंच हुतं, उतरलं की." असा वर राहिलेला वृषण पुढे खराब होण्याचा आणि त्यात गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि रव्यासारखे कण ज्यांच्यात खरोखर महत्त्वाचे ठरतात ती मुलं प्रामुख्याने हीच. त्यांना वेळेत ऑपरेशन मिळत नाही, आणि ज्यांना काही झालेलं नाही ती सीटी स्कॅनच्या रांगेत.

मुलींच्या पाळीबद्दल शाळांत आता बोललं जातं, पॅड मिळतात, बाई वर्गात येऊन समजावतात. उशिरा का होईना, झालं. मुलग्यांच्या बाबतीत काय? शाळेतल्या आरोग्य तपासणीत डोळे, दात, वजन, उंची. कमरेखाली मुलगा जणू नसतोच. पीटीच्या सरांनी सहावीपासूनच्या मुलांना वर्षातून एकदा, दहा मिनिटं एवढंच सांगावं की खाली अचानक दुखलं तर लाजायचं नाही, रात्री असलं तरी उठवायचं, आणि 'पोट' म्हणायचं नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना तर हे लेखी द्यायला हवं. तिथे पोराने उठवायचं तरी कुणाला? आणि डॉक्टरांनी, पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी खाली करून बघावं. यात अपमान नाही. बघितलं नाही तर मात्र नुकसान आहे.

शेवटी माझ्याच धंद्याच्या विरोधात एक सांगते. मुलगा रात्री दोन वाजता 'खाली दुखतंय' म्हणाला, तर सोनोग्राफी सेंटर उघडायची वाट बघू नका आणि माझ्या दारात तर मुळीच येऊन बसू नका. जिथे सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर त्या वेळी हजर असतील अशा रुग्णालयात त्याला थेट न्या, दुखणं किती वाजता सुरू झालं ते सांगा, आणि वाटेत त्याला काही खायला-प्यायला देऊ नका.